किनारा, वस्त्र आणि निर्णयाचा अधिकार : स्त्रीच्या अनावृत देहाचा सामाजिक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

सार्वजनिक समुद्रकिनाऱ्यावर स्त्रीने कमरेवरील वस्त्र उतरवून सूर्यस्नान घेणे, ही गोष्ट मराठी वाचकाला सामान्यतः पाश्चात्त्य चैनीचा एक प्रकार म्हणून ठाऊक असते. गोव्याच्या किनाऱ्यावर ती घडली आणि तिच्यावरून वाद झाले, एवढ्यापुरतीच तिची नोंद घेतली जाते. पाश्चात्त्य देशांत या विषयासाठी दोन शब्द वापरात आहेत. ‘टॉपलेस’ या शब्दात काहीतरी उणे असल्याची सूचना आहे व तो मुख्यतः पाहणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. ‘टॉपफ्री’ हा नंतर रूढ झालेला शब्द मात्र हक्काच्या भाषेतला आहे : पुरुषाला जे सार्वजनिक ठिकाणी मोकळेपणाने करता येते, ते स्त्रीला का करता येऊ नये, असा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे.

हा प्रश्न भारतीय किनाऱ्यावर परकीय प्रवाशांबरोबर आला, असे मानण्याचा प्रघात आहे. तो अंशतःच खरा आहे. स्त्रीच्या छातीवर वस्त्र असावे की नसावे, यावरून या देशाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांवर त्यापूर्वी दीड शतक दंगली झाल्या होत्या, जाहीरनामे निघाले होते आणि स्त्रियांना मारहाणही झाली होती. त्या संघर्षात स्त्रिया वस्त्र उतरवण्याचा नव्हे, तर पांघरण्याचा अधिकार मागत होत्या. वरवर पाहता ही मागणी आजच्या मागणीच्या अगदी उलट आहे. तथापि दोन्ही प्रसंगी निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न एकच होता. आणि दोन्ही प्रसंगी तो निर्णय स्त्रीच्या हाती राहिला नाही. प्रस्तुत निबंधात या दोन टोकांमधील दुवे तपासले आहेत.

२. त्रावणकोर, मद्रास आणि एक मराठी दिवाण

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण त्रावणकोरात, म्हणजे आजच्या तमिळनाडूतील कन्याकुमारी जिल्ह्याच्या परिसरात, नाडार (शाणार) जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याची मनाई होती. तेथील समाजव्यवस्थेत उघडी छाती हे लज्जेचे नव्हे, तर दर्जाचे चिन्ह होते. वरिष्ठासमोर कनिष्ठाने अंगावरचे वस्त्र खाली घेणे हा आदर समजला जाई. नायर स्त्रियांनाही त्यांच्याहून वरच्या मानल्या गेलेल्यांसमोर हीच रीत पाळावी लागे, आणि पुरुषांवरही तिचे बंधन होते. अनावृत देहाचा अर्थ समाजरचनेतून ठरतो, निसर्गतः नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लंडन मिशनरी सोसायटीच्या कार्यामुळे नाडारांपैकी अनेक जण ख्रिस्ती झाले व त्या स्त्रिया अंगात जाकीट घालू लागल्या. कर्नल जॉन मन्रो हे रेसिडेंट व दिवाण असताना, १८१४ च्या सुमारास, ख्रिस्ती स्त्रियांना असे जाकीट घालण्याची मुभा मिळाली. परंतु या स्त्रियांना उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे खांद्यावरून घेतलेले उपरण्यासारखे वस्त्र हवे होते. कारण प्रतिष्ठा त्या वस्त्राला होती, जाकिटाला नव्हती. १८२० च्या दशकात बाजारात व रस्त्यावर त्यांची वस्त्रे फाडण्याचे प्रकार घडले. १८२९ च्या जाहीरनाम्याने जाकीट मान्य केले, पण खांद्यावरील वस्त्र नाकारले.

१८५८ मध्ये हा संघर्ष पुन्हा पेटला, तेव्हा त्रावणकोरच्या दिवाणपदावर टी. माधवराव होते. तंजावरच्या मराठी परंपरेतील देशस्थ घराण्यात जन्मलेले आणि मद्रासमध्ये शिकलेले माधवराव पुढे इंदूर व बडोदा येथेही दिवाण झाले. एकोणिसाव्या शतकातील कर्तबगार संस्थानी प्रशासकांत त्यांची गणना होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात निघालेल्या जाहीरनाम्यात मात्र नाडारांनी प्रचलित रूढीचा स्वतःहून भंग करू नये, असेच बजावण्यात आले. सुव्यवस्था राखणे हा त्यामागील हेतू होता, हे मान्य केले तरी त्या सुव्यवस्थेची किंमत नाडार स्त्रियांनी द्यावयाची होती. १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झालेले सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी रेसिडेंटमार्फत दडपण आणल्यावर २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी नवा जाहीरनामा काढून नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची परवानगी दिली. त्यातही उच्चवर्णीय स्त्रियांसारखी वस्त्र घेण्याची पद्धत वगळलेली होती.

या प्रकरणात महाराज, दिवाण, रेसिडेंट, मिशनरी आणि फोर्ट सेंट जॉर्जमधील गव्हर्नर या सर्वांची मते कागदोपत्री उपलब्ध आहेत. ज्यांच्या देहाविषयी हा पत्रव्यवहार चालला होता, त्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द त्यात जवळजवळ सापडत नाहीत. या इतिहासाची अडचण आजही संपलेली नाही. शालेय पाठ्यपुस्तकातील यासंबंधीच्या भागावर आक्षेप घेतले गेले. मद्रास उच्च न्यायालयातील दाव्यानंतर २०१६ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तो परीक्षेच्या अभ्यासक्रमातून वगळला.

३. चोळी, ऊन आणि श्रम

महाराष्ट्र व कोकणात चोळीची परंपरा जुनी असली, तरी तीही सर्व स्त्रियांना सारखी उपलब्ध नव्हती. ब्राह्मण विधवेचे केशवपन झाल्यावर तिला आलवण नेसावे लागे व तिची चोळी काढून घेतली जाई. सधवेच्या शृंगारातून तिला बाहेर काढल्याची ती खूण होती. त्रावणकोरात जातीने जे केले, ते येथे वैधव्याने केले. गोव्यात १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती झालेल्या पुरुषांना पुडवें नेसण्यास व स्त्रियांना चोळी घालण्यास मनाई केली. येथे चोळी आक्षेपार्ह ठरली ती हिंदूपणाची खूण म्हणून. म्हणजे एकच वस्त्र एका ठिकाणी उच्च जातीचे, दुसऱ्या ठिकाणी सौभाग्याचे आणि तिसऱ्या ठिकाणी धर्माचे निदर्शक ठरले. स्त्रीची सोय व तिची इच्छा यांचा विचार कोणत्याच आज्ञेत नव्हता.

आज भारतीय संस्कृतीचे प्रतीक मानला जाणारा पोलका किंवा ब्लाउज हा बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील वसाहतकालीन सभ्यतेचा परिणाम आहे. ज्ञानदानंदिनी देवी टागोर या १८६० च्या दशकात मुंबईत राहावयास आल्यावर त्यांनी पारशी स्त्रियांच्या धर्तीवर साडी व पोलक्याचा पेहराव स्वीकारला आणि तो बंगालमधील सुशिक्षित कुटुंबांत रूढ केला. घराबाहेर पडणाऱ्या ‘भद्र’ स्त्रीला हा पेहराव आवश्यक वाटला, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे चोळीविना साडी नेसणारी आदिवासी, कुणबी वा गावडा स्त्री मागासलेली ठरू लागली.

सूर्यस्नानाच्या संदर्भात आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी उन्हाला आरोग्याचे मूल्य प्राप्त झाले. नील्स फिन्सेन यांना प्रकाशोपचारासाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वित्झर्लंडमधील लेझां येथे ऑग्युस्त रोलिए क्षयरोग्यांना उन्हात ठेवून उपचार करीत. १९२० च्या दशकात उन्हाने रापलेली त्वचा तेथे फुरसतीचे व संपन्नतेचे लक्षण बनली. कोकणच्या किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या कोळणीला किंवा मिठागरात राबणाऱ्या स्त्रीला ऊन हे श्रमाचे अंग होते, आणि मध्यमवर्गीय मुलीला ते रंग काळवंडवणारे म्हणून टाळावयाचे होते. उन्हात स्वस्थ पडून राहणे या कल्पनेला येथील स्त्रीजीवनात जागा नव्हती. म्हणूनच सूर्यस्नानाकडे केवळ लज्जेच्या नव्हे, तर फुरसतीच्या व वर्गाच्या दृष्टीनेही पाहणे आवश्यक ठरते.

४. ठाणे ते ‘समाजस्वास्थ्य’

नग्नतावादाचा इतिहास सांगताना जर्मनीचा उल्लेख प्रथम होतो. तथापि त्याची एक अगदी आरंभीची संघटना महाराष्ट्रात होती. ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी १८९१ मध्ये ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाचे मंडळ स्थापन केले. त्याची माहिती प्रामुख्याने त्यांनी इंग्लंडमधील लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांतून मिळते. सभासद अवघे तीन होते आणि तिन्ही युरोपीय पुरुष होते. वसाहतीच्या सत्तेत उच्च पदावर असलेल्या पुरुषाला वस्त्रांचे बंधन झुगारून देण्याचा प्रयोग खाजगीत करता आला. स्त्रीला, मग ती युरोपीय असो वा एतद्देशीय, त्यात स्थान मिळाले नाही.

मराठीत या विषयाची निर्भय चर्चा केली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू करणाऱ्या कर्व्यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे असत. नग्नता आणि अश्लीलता या भिन्न गोष्टी आहेत, अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते, हा त्यांचा आग्रह होता. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शिक्षा झाली. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्यातही कर्व्यांना दंड झाला. स्त्रीचा तिच्या शरीरावरील अधिकार ही भूमिका मराठीत इतक्या सातत्याने अन्य कोणी मांडली नव्हती.

असे असले तरी ‘समाजस्वास्थ्य’च्या मर्यादेचाही विचार केला पाहिजे. मुखपृष्ठावरील स्त्री ही चित्र होती. तिने पोहण्यासाठी किंवा उन्हासाठी वस्त्र उतरविलेले नव्हते, तर चित्रकाराने वा छायाचित्रकाराने ते उतरविलेले होते. कर्व्यांनी नग्नतेवरील पापाचा शिक्का पुसण्याचा प्रयत्न केला. नग्न होणारीचा अनुभव काय, हा प्रश्न मात्र त्या मुखपृष्ठाच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर तोच प्रश्न प्रत्यक्षात उभा ठाकला.

५. हणजूणचा किनारा

समुद्रस्नानाच्या पाश्चात्त्य इतिहासात पुरुषाचा देहही एकेकाळी झाकलेलाच होता. अमेरिकेतील अनेक किनाऱ्यांवर १९३० च्या दशकापर्यंत पुरुषांना उघड्या छातीने पोहण्यास मनाई होती व त्यासाठी अटकाही होत. ते बंधन सुटले आणि अल्पावधीत विस्मृतीत गेले. स्त्रियांच्या बाबतीत १९४६ मध्ये पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी बिकिनी आणली, १९६४ मध्ये रूडी गर्नराइख यांनी छाती उघडी ठेवणारी मोनोकिनी आणली आणि त्याच दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर अनावृत सूर्यस्नान रूढ होऊ लागले.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिप्पी प्रवासी गोव्यात आले आणि हणजूण, वागातोर, कळंगुट येथील किनाऱ्यांवर हीच रीत दिसू लागली. पोर्तुगीज सत्तेतून १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेल्या या प्रदेशात ग्रामस्थांनी आरंभी तिच्याकडे कुतूहलाने व काहीशा अलिप्तपणे पाहिले. मात्र लवकरच शेजारच्या राज्यांतून केवळ परदेशी स्त्रियांना पाहण्यासाठी पुरुष पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या. कॅमेरे घेऊन घोळक्याने फिरणे, वाळूत पडलेल्या स्त्रीभोवती उभे राहणे, तिच्याशेजारी बसून छायाचित्र काढून घेणे हे प्रकार पुढील अनेक वर्षे या किनाऱ्यांवर चालले. स्वतःच्या देशात ज्या मोकळेपणाकडे कोणी वळून पाहत नसे, तोच येथे प्रेक्षणीय वस्तू ठरला. सूर्यस्नानाचा अनुभव वस्त्राइतकाच प्रेक्षकावर अवलंबून असतो, हे या स्त्रियांना येथे उमगले. प्रशासनाने किनाऱ्यांवर नग्नतेस मनाई करणारे फलक लावले. घोळक्याने टक लावून पाहण्यास मनाई करणारे फलक मात्र त्या प्रमाणात लागले नाहीत.

या काळात भारतीय स्त्रीचा अनुभव नोंदला गेल्याची उदाहरणे विरळ आहेत. १९७४ मध्ये प्रतिमा बेदी यांचे नग्नावस्थेत धावतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले व मुंबईत खळबळ उडाली. ते मुंबईत काढले की गोव्याच्या किनाऱ्यावर, याविषयी वेगवेगळे तपशील सांगितले गेले. पुढे ओडिसी नृत्याला वाहून घेऊन त्यांनी बंगळूरजवळ ‘नृत्यग्राम’ उभारले. तरीही १९९८ मधील त्यांच्या मृत्यूनंतर स्मरण झाले ते बऱ्याच अंशी त्या एका छायाचित्राचे. परदेशी स्त्री काही दिवसांनी आपल्या गावी परत जात असे. भारतीय स्त्रीला मात्र त्या एका क्षणाची ओळख जन्मभर पुरत असे.

गोमंतकीय स्त्रियांची बाजू या दोहोंहून वेगळी होती. १९८० च्या दशकात ‘बायलांचो साद’ या स्त्रीसंघटनेने पर्यटनाच्या जाहिरातींत गोव्याच्या स्त्रीचे जे उच्छृंखल चित्र रंगविले जाई, त्याला आक्षेप घेतला. १९८७ च्या सुमारास जर्मनीहून थेट विमाने दाबोळीला येऊ लागली, तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने त्या प्रकारच्या पर्यटनाविरुद्ध निदर्शने केली. हा विरोध सोवळेपणाचा होता असे म्हणून निकालात काढता येणार नाही. किनाऱ्यावर परदेशी स्त्री जे स्वातंत्र्य उपभोगीत होती, त्याच्या जाहिरातीचा भुर्दंड स्थानिक स्त्रीला रस्त्यावरच्या शेरेबाजीच्या रूपाने भरावा लागत होता. त्याच वाळूवर कर्नाटकातून आलेल्या लमाणी स्त्रिया आरसेकामाच्या चोळ्या व जड घागरे घालून भर दुपारी मण्यांच्या माळा विकत फिरत. ऊन घेणारी आणि उन्हात राबणारी अशा दोन स्त्रिया एकाच वाळूवर समोरासमोर होत्या, आणि दोघींवरही तोच घोळका नजर ठेवून होता.

एकविसाव्या शतकात हा वाद राजकीय पातळीवर आला. २०१४ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे आमदार लवू मामलेदार यांनी बिकिनीसाठी प्रवेशशुल्क असलेला स्वतंत्र किनारा असावा, अशी सूचना केली. त्याच पक्षाचे मंत्री सुदिन ढवळीकर यांनी सार्वजनिक किनाऱ्यांवर बिकिनीला बंदी घालण्याची मागणी केली. दोन्ही सूचना अमलात आल्या नाहीत. परंतु एका सूचनेत स्त्रीचा पेहराव महसुलाचे साधन होता, तर दुसरीत संस्कृतिरक्षणाचे. तिच्या निर्धास्तपणाचा विचार दोहोंतही नव्हता.

नोव्हेंबर २०२० मधील दोन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. काणकोण तालुक्यातील चापोली धरणावर केलेल्या चित्रीकरणावरून पूनम पांडे यांना अटक झाली व पुढे जामीन मिळाला. त्याच सुमारास अभिनेते मिलिंद सोमण यांनी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले; त्यांच्यावरही गुन्हा नोंदविला गेला, परंतु त्यांना अटक झाली नाही आणि समाजमाध्यमांत त्यांच्या शरीरसौष्ठवाचे कौतुक झाले. दोन्ही प्रकरणांचे तपशील भिन्न असले, तरी समाजाच्या प्रतिक्रियेतील तफावत तेव्हाच अनेकांनी निदर्शनास आणली होती.

६. कायद्याची वाटचाल

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९४ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील कृत्य करणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २९६ मध्ये आहे. अश्लील म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या या कलमात नाही, आणि किनाऱ्यावरील स्त्रीचे भवितव्य त्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते. रणजित उदेशी प्रकरणात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडमधील एकोणिसाव्या शतकातील ‘हिक्लिन’ कसोटी स्वीकारली होती. अवीक सरकार प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने ती बाजूला सारून समकालीन समाजमानसाची कसोटी मान्य केली. हे प्रकरण टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांच्या अनावृत छायाचित्राविषयीचे होते, आणि नग्नता स्वतःहून अश्लील ठरत नाही, असे त्यात स्पष्ट झाले.

५ जून २०२३ रोजी केरळ उच्च न्यायालयाने रेहाना फातिमा प्रकरणात त्यापुढचे पाऊल टाकले. मुलांनी आईच्या उघड्या अंगावर चित्र रंगविल्याच्या ध्वनिचित्रफितीवरून हा खटला होता. पुरुषाची उघडी छाती कोणाला अश्लील वाटत नाही, मग स्त्रीचीच का वाटावी, असा प्रश्न उपस्थित करून न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. जेथे दोन शतकांपूर्वी नाडार स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, त्याच त्रावणकोरचा बहुतांश भाग आजच्या केरळात आहे, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्त्रियांचे तोकडे कपडे एवढ्यावरून अश्लीलतेचा गुन्हा सिद्ध होत नाही, असे मत व्यक्त केले.

अन्य देशांतील अनुभवही असाच टप्प्याटप्प्याचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९८६ मध्ये उद्यानात उघड्या छातीने बसलेल्या स्त्रियांवरील खटला १९९२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात निकाली निघाला व त्या निर्दोष ठरल्या. कॅनडातील ग्वेन जेकब यांची १९९१ मधील अशाच कृतीबद्दलची शिक्षा १९९६ मध्ये रद्द झाली. फ्रान्समध्ये मात्र कायदा आड येत नसतानाही ऑगस्ट २०२० मध्ये सेंत-मारी-ला-मेर येथे पोलिसांनी स्त्रियांना वस्त्र घालावयास सांगितले. त्यावर टीका झाल्यानंतर गृहमंत्र्यांना स्त्रियांच्या बाजूने उभे राहावे लागले. न्यायालयात मिळालेला अधिकार वाळूवर पोहोचण्यास वेळ लागतो, असेच यावरून दिसते.

७. निष्कर्ष

त्रावणकोरची नाडार स्त्री, आलवणातील विधवा, गोव्याची ख्रिस्ती स्त्री आणि हणजूणच्या वाळूवरील प्रवासी स्त्री यांच्या परिस्थितीत महदंतर आहे. जातीने लादलेले उघडेपण आणि स्वेच्छेने स्वीकारलेले उघडेपण यांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. पहिल्या स्त्रीने झाकण्याच्या हक्कासाठी मार खाल्ला, हे विसरून शेवटच्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचा गौरव करणे इतिहासाला धरून नाही. त्याचप्रमाणे झाकलेला देह हीच आपली सनातन संस्कृती, असे सांगून त्या स्त्रीवर दंडुका उगारणेही इतिहासाला धरून नाही. कारण आज ज्या वस्त्राला सनातन म्हटले जाते, ते अनेक स्त्रियांना येथेच नाकारले गेले होते.

या सर्व प्रकरणांत सातत्याने आढळते ते असे की, स्त्रीच्या छातीवरील वस्त्राचा निर्णय कधी महाराजांनी, कधी धर्मपीठाने, कधी दिवाणांनी, कधी पोलिसांनी, तर कधी पर्यटन व्यवसायाने घेतला. मद्रासच्या गव्हर्नराने नाडार स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हाही तो त्यानेच दिला. अलीकडच्या न्यायनिर्णयांचे महत्त्व यासाठी आहे की, त्यांनी हा प्रश्न प्रथमच स्त्रीच्या स्वतःच्या देहावरील अधिकाराच्या भाषेत मांडला. तो अधिकार वस्त्र उतरविण्याचा आहे तितकाच ते न उतरविण्याचाही आहे. मरीनाच्या लाटांत साडीनिशी उतरणारी स्त्री आणि हणजूणच्या वाळूत ऊन घेणारी स्त्री या दोघींनाही घोळक्याची भीती न बाळगता किनाऱ्यावर थांबता येणे, हीच त्या अधिकाराची खरी कसोटी होय. आणि त्या कसोटीला भारतीय किनारा अद्याप पूर्णपणे उतरलेला नाही.